शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात, रेडिंग शहरापासून जवळच, सॉनिंग कॉमन नावाचं गाव आहे. तिथले डॉक्टर विल्यम बर्ड यांनी 1995 मध्ये सामूहिक आरोग्यफेऱ्या सुरू केल्या. 'रोज चालत जा' हे सांगण्यासाठी कुणी इंग्लंडला जायला नको. आपल्याकडचे डॉक्टरही ते प्रत्येक रक्तदाबाच्या नि मधुमेहाच्या रुग्णाला सांगतात. घरी गेलेला रुग्ण दोन दिवस नेटाने चालतो. तिसऱ्या दिवशी पाऊस येतो, चौथ्या दिवशी गुडघा कुरकुरतो आणि पंधरवड्यात बूट कपाटात जातात. बर्ड यांनी त्या सल्ल्याला वार, वेळ, जमायची जागा आणि सोबत जोडून दिली. औषध तेच राहिलं, ते घेण्याची सोय झाली.

ही कल्पना गावापुरती राहिली नाही. 2000 मध्ये ब्रिटिश हार्ट फाउंडेशन आणि ग्रामीण भागासाठी काम करणारी सरकारी संस्था यांनी मिळून तिला देशव्यापी रूप दिलं. पुढे ती 'वॉकिंग फॉर हेल्थ' या नावाने ओळखली जाऊ लागली. 2012 मध्ये रॅम्बलर्स ही पायी भटकणाऱ्यांची जुनी संघटना आणि मॅकमिलन ही कर्करुग्णांसाठी काम करणारी संस्था यांनी तिची धुरा घेतली. हृदयरुग्णांसाठी झटणाऱ्यांना आणि कर्करुग्णांसाठी झटणाऱ्यांनाही हाच उपाय आपला वाटावा, यातच चालण्याचं मोल कळतं.

फेरीची रचना साधी आहे आणि तिच्यातला प्रत्येक बारकावा विचारपूर्वक ठरवलेला आहे. पैसे लागत नाहीत. फेऱ्या दहा मिनिटांपासून दीड तासापर्यंतच्या असतात आणि त्यांची प्रतवारी आधीच जाहीर केलेली असते: ही सपाट, हिच्यात थोडा चढ, ही अगदी नवख्यांसाठी. पहिल्या दिवशी नवा माणूस प्रकृतीची माहिती देणारा अर्ज भरतो. छातीत दुखतं का, चक्कर येते का, हे तिथे कळतं. फेरी नेणारे सगळे स्वयंसेवक असतात. त्यांना प्रशिक्षण मिळतं. वाट आधी चालून पाहिलेली असते. चिखल कुठे, टेकायला बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे त्यांना ठाऊक असतं. पासष्टीच्या बाईंना घराबाहेर काढायला स्वच्छतागृहाची खात्री किती मोलाची असते, हे त्यांनाच विचारावं.

पुढे एक स्वयंसेवक चालतो, तो वाट दाखवतो. या सगळ्या योजनेचा प्राण मात्र मागे चालणाऱ्या स्वयंसेवकात आहे. सह्याद्रीतल्या ट्रेकला जसा एक जाणता गडी मुद्दाम पिछाडीला ठेवतात, तसाच हा. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या मागे तो राहतो. ज्याला धाप लागते त्याला आपल्यामुळे सगळे खोळंबले असं वाटू नये, आणि मागे वळून पाहिलं तर कुणीतरी आपलं असावं, यासाठी तो तिथे असतो. इथे पहिलं कोण आलं हे मोजत नाहीत. शेवटचा माणूस पोहोचला की फेरी संपते, आणि मग बहुतेक ठिकाणी चहा होतो.

वेग किती असावा, याची कसोटी कुठल्याही यंत्राशिवाय करता येते. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. एवढ्या वेगाला डॉक्टर मध्यम तीव्रतेचा व्यायाम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटं असा व्यायाम सुचवते. चालणाऱ्यांच्या समूहात ही कसोटी आपोआप लागते, कारण तिथे बोलणं चालूच असतं.

हे नुसतं समाधान नव्हे, याला पुरावा आहे. ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या सारा हॅन्सन आणि अँडी जोन्स यांनी 14 देशांमधल्या 42 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. ते 2015 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आलं. त्यात समूहाने चालणाऱ्या 1,843 जणांची माहिती होती. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 3.72 ने आणि खालचा 3.14 ने उतरला होता. विश्रांतीतली नाडी मिनिटाला जवळपास तीन ठोक्यांनी मंदावली होती. सहा मिनिटांत कापलं जाणारं अंतर सुमारे 80 मीटरनी वाढलं होतं, आणि नैराश्याची लक्षणंही कमी झाली होती. आकडे एकेका माणसापुरते लहान वाटतील. पण गोळीची सवय न मोडणं जिथे जड जातं, तिथे बहुसंख्य माणसं चालत राहिली आणि कुणाला मोठी इजा झाली नाही, हे मला रक्तदाबाच्या आकड्याहून मोठं वाटतं.

फेऱ्यांना येणारी माणसं का टिकतात, याचं उत्तर सहभागी माणसांच्या सांगण्यात मिळतं. अशा गटांचा अभ्यास करणाऱ्यांना एक सूर पुन्हा पुन्हा ऐकू आला आहे: येताना माणसं शरीरासाठी येतात, राहतात ती माणसांसाठी. जोडीदार गेल्यावर घर खायला उठलेलं असतं. निवृत्तीनंतर आठवड्याचे वार एकसारखे होतात. मोठ्या आजारातून उठलेल्याला एकट्याने रस्त्यावर जायची धास्ती वाटते. अशा माणसाच्या आठवड्यात एक वार पक्का होतो, आणि त्या वारी तो आला नाही तर कुणीतरी चौकशी करतं. शेजारी-शेजारी चालताना समोरच्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून अवघड गोष्टही सहज बोलली जाते. गप्प राहिलं तरी चालतं.

या योजनेची एक उणीवही आहे. फेऱ्यांना येणाऱ्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले जास्त. ज्यांना गरज सर्वाधिक, त्या गरीब वस्त्यांतली माणसं तिथवर कमी पोहोचतात. नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही, आत बोलवायला कुणीतरी जावं लागतं.

हे वाचताना पुण्याच्या पर्वतीवर, मुंबईच्या शिवाजी पार्कात, कोल्हापूरच्या रंकाळ्यावर रोज पहाटे जमणारे गट डोळ्यांपुढे येतात. ते कुठल्याही योजनेशिवाय उभे राहिले, वर्षानुवर्षं टिकले, आणि एकमेकांच्या सुखदुःखाला धावूनही जातात. आपली ती मोठी पुंजी आहे. पण हे गट ज्यांना चालता येतं त्यांनी, आपल्यासारख्यांसाठी बांधलेले आहेत. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेले काका किंवा गुडघ्यांनी बेजार झालेल्या मावशी त्यांच्या वेगाकडे पाहूनच माघारी फिरतात.

या गटांनी तीन गोष्टी उचलाव्यात. आठवड्यातून एकदा, सपाट रस्त्यावर, नवख्यांसाठी दहा-पंधरा मिनिटांची फेरी काढावी. तिच्या पिछाडीला एक अनुभवी माणूस ठरवून ठेवावा. आणि आपल्या भागातल्या डॉक्टरांकडे फेरीचा वार, वेळ आणि एक फोन नंबर देऊन यावा, म्हणजे 'रोज चालत जा' एवढंच न लिहिता त्यांना चिठ्ठीवर लिहिता येईल, 'रविवारी सात वाजता, बागेच्या फाटकाशी.' यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही. रोज भराभर चालणाऱ्यांपैकी एकाने आठवड्यातला एक दिवस हळू चालायची तयारी दाखवली, तर पुरे.