माप जुने, रबर नवे

जुनी मोटरसायकल जपणाऱ्यांचा सगळा जीव ‘ओरिजिनल’मध्ये अडकलेला असतो. टाकीवरचे पट्टे, हेडलाइटची काच, अगदी नट-बोल्टवरचे शिक्केसुद्धा गाडी कंपनीतून निघाली तेव्हाचेच हवेत, म्हणून माणसे जुना बाजार पालथा घालतात. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होऊ लागली. तिथेही गाडी मूळ रूपात राखलेली असावी, हीच अट आहे. ही ओढ योग्यच आहे. पण टायरची निवड करताना ती दोन तऱ्हांनी भरकटते. कोणी जुने रूप टिकावे म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर चढवतो, तर कोणी गाडी भारदस्त दिसावी म्हणून मापाबाहेरचा रुंद टायर बसवतो. एकाला वयाचा मोह पडतो, दुसऱ्याला आकाराचा. जी गाडी खरोखर रस्त्यावर चालवायची आहे, तिचा अस्सलपणा टायरच्या मापात, गोलाईत आणि बांधणीत असतो. ते सगळे जुनेच ठेवावे आणि रबर मात्र मिळेल तितके ताजे घ्यावे.

आपल्याकडे सर्वांत ओळखीचे उदाहरण बुलेटचे. 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि तेव्हापासून कित्येक दशके बुलेट 350 च्या पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना एकच माप राहिले : 3.25-19. यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. या जुन्या इंची मापात टायरची उंची साधारण रुंदीइतकीच धरलेली असते, म्हणून टायर अरुंद, उंच आणि पूर्ण गोलाईचा दिसतो. याच्या बाजूवर सहसा ‘54 पी’ असेही छापलेले असते. 54 म्हणजे त्या एका टायरवर जास्तीत जास्त 212 किलो भार, आणि पी म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग. रिमची आतली रुंदी 1.85 इंच, म्हणजे जेमतेम 47 मिलिमीटर. चिमट्याचा कोन, दोन चाकांमधले अंतर, मडगार्डखालची मोकळी जागा आणि पुढच्या चाकावरून फिरणारा स्पीडोमीटर हे सगळे याच मापाभोवती आखलेले आहे. टायर बदलला की यातले बरेच काही नकळत बदलते.

रुंद टायरवाल्यांचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा असतो : टायर जितका रुंद, तितकी पकड जास्त. पण टायर रस्त्याला किती क्षेत्रफळात टेकतो, हे मुख्यतः त्यावरचा भार आणि आतली हवा ठरवतात. भार तोच, हवा तीच, तर टेकलेल्या जागेचा फक्त आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. रिमचा प्रश्न त्याहून मोठा आहे. 100/90-19 (मेट्रिक माप, म्हणजे रुंदी 100 मिलिमीटर) हा टायर 2.15 इंच किंवा त्याहून रुंद रिमसाठी आखलेला असतो. तो 1.85 च्या रिमवर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि वळणात गाडी एका लयीत कलण्याऐवजी एकदम पडल्यासारखी वाटते. हिशेब केला तर त्याचा बाहेरचा व्यास सुमारे 663 मिलिमीटर येतो. मूळ टायरचा 648 च्या आसपास. पंधरा मिलिमीटरचा हा फरक चेनकव्हर, स्टँड आणि मडगार्डच्या आधारपट्ट्यांजवळ लगेच जाणवतो. उलट 90/90-19 चा व्यास 645 च्या आसपास भरतो आणि तो 1.85 च्या रिमवर नीट बसतो. म्हणजे मेट्रिक मापाचे वावडे धरायचे कारण नाही. रिम आणि व्यास जुळले की नवे मापही जुन्याचेच काम करते.

आता वयाचा मोह. टायरची नक्षी शाबूत आहे, मग तो बदलायचा कशाला, हा प्रश्न जुन्या गाड्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त ऐकू येतो, कारण या गाड्या वर्षाला जेमतेम काहीशे किलोमीटर चालतात. टायर झिजतच नाही. पण रबर नुसते उभ्या-उभ्याही म्हातारे होते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या साखळ्या तोडत-जोडत राहतात, रबर कडक होते आणि बाजूंवर बारीक भेगा पडतात. ओझोनपासून वाचवणारे मेण टायरमध्ये घातलेले असते, पण ते पृष्ठभागावर यायला टायर फिरत राहावा लागतो. एका जागी उभ्या गाडीला हे संरक्षण नीट मिळत नाही. म्हणून नक्षीच्या आधी तारीख वाचावी. 2000 पासूनच्या टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर मागच्या शतकातला आहे आणि त्याची जागा भिंतीवर आहे, चाकावर नव्हे. दुकानात नवा म्हणून मिळालेला टायरही आधी तारीख बघूनच घ्यावा, कारण कमी खपणारी मापे फडताळात बराच काळ पडून असतात.

यावर अस्सलपणाचा आग्रह धरणारे म्हणतील, की नव्या रबराचा टायर लावला तर गाडीचा काळच पुसला जाईल. इतिहास मात्र वेगळे सांगतो. 1969 मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत माल्कम अपहिलने ट्रायम्फ बॉनविलवर ताशी 100 मैलांच्या वर सरासरी राखून एक फेरी पूर्ण केली. बाजारात मिळणाऱ्या जातीच्या गाडीवर हे प्रथमच घडले. त्या गाडीला डनलॉपचे के 81 टायर होते आणि त्या पराक्रमावरून पुढे त्यांना टीटी 100 हे नाव मिळाले. त्या काळचा जाणता स्वारही त्याच्या दिवसातला सर्वांत चांगला टायरच लावत होता. गाडीची चौकट, इंजिन आणि ब्रेक टिकावेत म्हणून बनवले होते. टायर झिजावा आणि बदलला जावा म्हणूनच बनवला होता. तो बदलणे हा त्या यंत्राच्या मूळ रचनेचाच भाग आहे. संग्रहालयात उभी राहणारी, एक इंचही न हलणारी गाडी याला अपवाद म्हणता येईल. तिथे जुना टायर हा दस्तऐवज असतो आणि तो जरूर जपावा.

दुसरा आक्षेप वेगाचा. जुनी गाडी साठ-सत्तरच्या पुढे नेतोय कोण, मग टायरची एवढी चिकित्सा कशाला? खरे तर पी या अक्षराने दिलेला वेग अशा गाडीला कधी लागतच नाही. ताण पडतो तो भाराचा आणि पावसाचा. बुलेटसारखी दीडशे किलोंच्या वरची गाडी, तिच्यावर दोघे आणि सामान, म्हणजे एकूण वजन तीनशेच्या पार जाते आणि त्यातला मोठा वाटा मागच्या एका टायरवर येतो. त्यात ब्रेक ड्रमचे, एबीएस नाही. जुलैत ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की चाक फिरत राहील की घसरेल, हे टायरचे रबरच ठरवते. सिलिका मिसळलेली आजची मिश्रणे ओल्या रस्त्यावर जी पकड देतात, ती कडक झालेल्या जुन्या रबराकडून मिळणे शक्य नाही. गाडी जितकी साधी, तितकी टायरवरची भिस्त जास्त.

बांधणीच्या बाबतीत मात्र जुन्याची बाजू घ्यावी लागते. या गाड्यांना आऱ्यांची चाके असतात. प्रत्येक आऱ्याच्या भोकातून हवा निघू शकते, म्हणून ट्यूब लागतेच. तेव्हा ‘टीटी’ (ट्यूब टाइप) छाप असलेला, आडव्या-तिडव्या थरांचा टायर घ्यावा. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची वेळ आली तर टायर कंपनीची परवानगी आहे का, ते आधी पाहावे. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला असा आडव्या-तिडव्या थरांचा अशी जोडी कधीच करू नये. टायरबरोबर ट्यूब आणि रिमपट्टीही नवीच घालावी. बसवल्यावर टायरच्या कडेजवळची बारीक रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका बाजूला ती आत बुडाली असेल तर टायर नीट बसलेला नाही आणि चाक डुलणार. व्हॉल्व्हचे नट रिमला आवळून टाकू नये. ते सैल असेल तर टायर रिमवर सरकताच व्हॉल्व्ह तिरका होतो आणि ट्यूब फाटण्याआधी इशारा मिळतो.

बुलेटवाल्यांना निवडीला वाव तरी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1960 च्या दशकात निघालेल्या जावांची चाके 16 इंची, माप 3.25-16, आणि हे माप प्रत्येक दुकानात मिळत नाही. मडगार्ड खोल, चेन पूर्ण झाकलेली. जाडजूड टायरला जागाच नाही. मिळेल ते बसवायचा मोह इथे सर्वांत जास्त होतो आणि इथेच तो सर्वांत महाग पडतो. कोणी म्हणेल, क्वचित चालणाऱ्या गाडीसाठी शोधून, जादा पैसे मोजून टायर आणणे परवडणारे नाही. पण क्रोमचा मुलामा आणि टाकीचा रंग यांवर जो खर्च आनंदाने होतो, त्याचा लहानसा हिस्साच इथे लागतो. शिवाय यात सगळ्यांचेच हित आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी ज्यांचे टायर नावाजलेले होते, त्या एव्हॉनचा मेल्कशॅमचा कारखाना 2023 अखेर बंद झाला. कमी खपाच्या मापांचे साचे कुठलाही कारखाना केवळ प्रेमापोटी जपत नाही. जुन्या मापाचा ताजा टायर नियमित विकत घेतला जाईल, तोवरच तो बनत राहील, आणि तो बनत राहील तोवरच या गाड्या रस्त्यावर चालतील.