भिंती वाचल्या, माणसांचे काय?

पडका किल्ला, ओस पडलेला मठ किंवा जुना वाडा सरकारने दुरुस्त करावा आणि त्यात प्रवाशांसाठी हॉटेल चालवावे, ही कल्पना स्पेन देशाने फार पूर्वी अमलात आणली. या हॉटेलांना तेथे ‘पारादोर’ म्हणतात. पहिला पारादोर १९२८ साली ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झाला. तो मात्र नवाच बांधला होता, जुन्या वास्तूंची पाळी नंतर आली. आज सुमारे शंभर पारादोर आहेत आणि ते चालविणारी कंपनी संपूर्णपणे सरकारी मालकीची आहे. खाजगी भांडवलदार जेथे फिरकत नाही, अशा आडगावातही त्यामुळे स्थानिकांना काम मिळते. याचे आम्ही स्वागतच करू.

परंतु वास्तू वाचली म्हणजे तिचा इतिहास वाचला, असे होते काय?

सान्तियागो शहरातील पारादोर पाहा. राणी इझाबेला व राजा फर्डिनांड यांनी १४९९ साली यात्रेकरूंसाठी काढलेले ते इस्पितळ. थकलेल्या-आजारी माणसाला तेथे आसरा मिळे. १९५४ पासून तेथे उंची हॉटेल आहे. याच राजाराणीने १४९२ मध्ये ग्रॅनाडातून फर्मान काढून ज्यूंना देशाबाहेर घालविले होते! एका दारी आसरा, दुसऱ्या दारी हद्दपारी. वाचकांनी दोन्ही ध्यानात ठेवावे.

लेओन शहरातील सान मार्कोस तर अधिक बोलका आहे. बाहेरून पाहावे तर दगडी कोरीवकामाने नटलेला लांबच लांब दर्शनी भाग. १६३९ ते १६४३ या काळात केवेदो हा थोर लेखक येथे कैदेत होता. पुढे १९३६ साली यादवी युद्ध पेटले आणि फ्रँकोच्या पक्षाने या मठाची छळछावणी केली. १९४० पर्यंत प्रजासत्ताकाच्या बाजूचे हजारो लोक येथे कोंडले गेले. त्यात कामगार होते, शिक्षक होते. त्यानंतर पुरती तीस वर्षेही लोटली नाहीत, तोच १९६० च्या दशकात तेथे आलिशान हॉटेल उघडले. फ्रँकोची राजवट तेव्हा चालूच होती. मग कैद्यांची आठवण कोण काढणार? त्यांच्या घरच्यांनी त्या दारावरून मुकाट्याने जायचे, एवढेच.

२०२२ साली स्पेनने लोकशाही स्मृतीचा कायदा केला. हुकूमशाहीच्या बळींना न्याय व त्या स्थळांचे जतन, हा त्याचा हेतू आहे.

आमच्या वाचकांपैकी कुणाची मुले नोकरी-शिक्षणानिमित्त युरोपात असतील, तर त्यांना जरूर कळवा. लेओनला गेलात तर नुसते फोटो काढून परतू नका. आत जाऊन, कैद्यांना कोठे ठेवले होते, ते विचारा.