गाळाने घडवलेले पाणथळ

पावसाळ्यात नाशिकच्या धरणांतून पाणी सुटले की मराठवाड्याचे कान नांदूरमध्यमेश्वरकडे लागतात. इथून किती क्युसेक विसर्ग झाला, यावर जायकवाडी धरणाची आकडेमोड चालते. बातम्यांतले हे नाव राज्याला पाठ आहे. मात्र विसर्ग थांबून बातम्या संपल्या की इथला खरा हंगाम सुरू होतो.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधला. घाटमाथ्यावर, त्र्यंबकच्या बाजूला धो धो पाऊस. निफाडपासून पूर्वेला मात्र पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा. वरचे पाणी अडवून ते कालव्यांनी खाली न्यायचे, असा सरळ हिशेब होता. १९१६ मध्ये दारणा धरण झाले आणि या कालव्यांना भरवशाचा साठा मिळाला. डाव्या-उजव्या कालव्यांवर कोपरगाव-राहात्याकडे ऊस उभा राहिला, त्यामागोमाग साखर कारखाने आले. पुढे जलद कालव्याने हेच पाणी वैजापूर-गंगापूरपर्यंत नेले.

पण नदी नुसते पाणी आणत नाही. दर पुरात माती येत गेली आणि बंधाऱ्यामागे बसत गेली. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे वर आली, त्यांवर पाणगवत माजले. पाटबंधारे खात्याच्या कागदावर ही निव्वळ तूट. पण चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी, कोठुरे या गावांच्या शिवारात त्याच तुटीतून पाणथळ तयार झाले. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. उपमा चपखल आहे, कारण भरतपूरचे पाणथळही माणसाने बांध घालूनच घडवले आहे.

उथळपणाचे मोल थापट्याकडे पाहिले की कळते. हे बदक मान पुढे टाकून, फावड्यासारखी चोच पाण्याला टेकवून पोहत राहते. चोचीच्या कडांना बारीक दात्यांची झालर असते. त्यातून पाणी बाहेर जाते, किडे आणि बिया आत राहतात. तलवार बदक शेपूट वर करून तळाशी मान घालते. मानेला तळ लागला नाही, तर तिथला चारा त्याच्या उपयोगाचा नाही. लांब गुलाबी पायांचे शेकाटे घोटाभर पाण्यात फिरतात, तर कमळपक्षी लांबलचक बोटांवर भार विभागून तरंगत्या पानांवरून चालतो. हिवाळ्यात चक्रवाक, थापटे, तलवार बदके उत्तरेकडून येतात, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे पाणी झाकून टाकतात आणि त्यांच्यावर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो.

गावकऱ्यांच्या लेखी ही जागा बंधाऱ्याहून कितीतरी जुनी आहे. नांदूरचे मृगव्याधेश्वराचे देऊळ मारीच राक्षसाच्या कथेशी जोडलेले आहे. रामाने कांचनमृगाला बाण मारला तो इथेच, असे लोक मानतात.

१९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ म्हणून नांदूरमध्यमेश्वर जाहीर झाले. संकटे मात्र पाण्याबरोबर वाहत येतात. वरच्या शहरांचे सांडपाणी आणि शेतातली खते मिळून जलपर्णीला भरपूर खाऊ घालतात. तिचा गालिचा पसरला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि बदकांना उतरायला जागा उरत नाही.

गाळ काढण्याची मागणीही अधूनमधून होते. तीही रास्त आहे, कारण साठा घटला की शेतकऱ्याला त्याची झळ बसते. पण सरसकट खोदाई झाली तर खोल, स्वच्छ आणि पक्ष्यांविना जलाशय हाती येईल. शिवाय ऐन जानेवारीत कालव्यांना सिंचनाचे आवर्तन सुटून पातळी उतरली, तर उथळ कडा कोरड्या पडतात. पातळी फार चढली, तर त्याच कडा बुडतात. म्हणून अभयारण्याचा फलक वनखात्याचा असला, तरी पक्ष्यांचा हंगाम ठरतो तो पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकावर. रामसरच्या शिक्क्याचा खरा उपयोग व्हायचा असेल, तर आवर्तनाच्या बैठकीत ऊस, द्राक्षे आणि जायकवाडी यांच्या जोडीने या पाणथळाचा वाटाही लेखी मांडला गेला पाहिजे.