धाकासाठी सुरू झालेल्या वह्या

स्वित्झर्लंडच्या पासपोर्टवर जन्मगावाची जागा मूळगावाने घेतली आहे. झुरिकमध्ये जन्मलेल्या, जिनिव्हात वाढलेल्या माणसाचं मूळगाव एमेंटालच्या डोंगरांतलं एखादं खेडं असू शकतं. ते त्याने कधी पाहिलेलंही नसेल! पण घराण्याचा माग काढायचा तर सुरुवात तिथूनच. एकोणिसाव्या शतकात कुटुंब कुठेही जाऊन राहिलं, तरी जन्म, लग्न, मृत्यूची खबर मूळगावी कळवली जाई आणि तिथल्या कुटुंबवहीत चढे.

१ जानेवारी १८७६ पासून या नोंदी देशभर सरकारकडे आल्या. त्याआधीचं जग चर्चच्या वह्यांमध्ये आहे, आणि त्यांचा उगम चकित करणारा आहे. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकमधल्या काही जणांनी तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा नाकारून प्रौढपणी नव्याने बाप्तिस्मा घेतला. हे अ‍ॅनाबाप्टिस्ट. कोण आपल्या मुलाला चर्चमध्ये आणत नाही हे कळावं, म्हणून १५२६ मध्ये नगरपरिषदेने बाप्तिस्म्याची नोंद सक्तीची केली. कॅथलिक गावांना असा आदेश ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये दिला.

एकेक नोंद जेमतेम दोन ओळींची: तारीख, बाळ, आईबाप, धर्ममाता आणि धर्मपिता. पण त्या दोन ओळींत केवढं दडलेलं असतं! धर्ममाता-धर्मपिता पुष्कळदा नात्यातले किंवा शेजारचे, त्यामुळे एकाच नावाच्या दोन बापांतला आपला कोणता, हे त्यांच्यावरून ओळखता येतं. एकाच आईबापांच्या पोटी ‘हान्स’ दोनदा आला, तर पहिला बहुधा दगावलेला असतो.

तारखाही चकवतात. बहुतेक कॅथलिक कॅन्टननी, म्हणजे प्रांतांनी, १५८४ मध्ये ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं; झुरिक, बर्नसारखे प्रोटेस्टंट कॅन्टन १७०१ पर्यंत थांबले. त्यामुळे सतराव्या शतकात लगतच्या दोन गावांत एकाच सकाळच्या तारखा दहा दिवसांनी वेगळ्या असत.

झुरिकमध्ये तर १६३४ पासून पाद्र्यांनी घराघरातली माणसं लिहून काढली. या याद्या बाप्तिस्म्याच्या वह्यांशी ताडून पाहिल्या की सुट्या नावांचं कुटुंब होतं, मुलांची वयं कळतात, चाकरीसाठी परगावी गेलेला मुलगाही सापडतो.

कधी एखाद्या घरातल्या मुलांच्या नोंदीच मिळत नाहीत. ते घर अ‍ॅनाबाप्टिस्ट असल्याची ती खूण असू शकते. छळाला कंटाळून अशी कितीतरी कुटुंबं अल्सास आणि पॅलाटिनेटकडे गेली, काही पुढे पेन्सिल्व्हेनियात पोचली. त्यांचे आमिश आणि मेनोनाइट वंशज आज आपले पूर्वज शोधतात ते याच वह्यांमध्ये. बर्न कॅन्टनच्या अभिलेखागाराने तर जुन्या वह्यांची पानं इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आहेत. पूर्वजांना पकडण्यासाठी लिहिलेली पानं आता वंशजांच्या हाती आहेत, आणि त्यांचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.