कृपा आणि दया : ख्रिस्ती तारणविचारातील एक भेद

मराठी बायबलात ‘दया’ आणि ‘कृपा’ हे शब्द पुष्कळदा शेजारी शेजारी येतात व वाचक त्यांना समानार्थी मानून पुढे जातो. मूळ ग्रीकमध्ये मात्र ‘एलेओस’ आणि ‘खारिस’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. दंडास पात्र असलेल्याची दुरवस्था पाहून द्रवणे ही दया. ज्यावर कसलाही हक्क पोचत नाही ते आपण होऊन देणे ही कृपा. न्यायाधीशाने आरोपीची शिक्षा माफ केली तर ती दया होईल. परंतु त्याच आरोपीला त्याने घरी नेऊन मुलाचा वाटा दिला, तर दया हा शब्द अपुरा पडेल. पौलाच्या पत्रांत भर आहे तो या दुसऱ्या गोष्टीवर. माणसे पापी असतानाच ख्रिस्त त्यांच्यासाठी मरण पावला, असे तो रोमकरांस लिहितो. म्हणजे कृपा आधी, पश्चात्ताप मागाहून.

या क्रमात मानवी प्रयत्नाला जागा कोठे, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना तंटा. पेलाजियसचे मत ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने धिक्कारले. ल्यूथरला उत्तर म्हणून ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये आपला निर्णय दिला. आणि १९९९ साली कॅथलिक व ल्यूथरपंथीय यांनी संयुक्त घोषणापत्राद्वारे मूलभूत मतैक्य नोंदविले.

मराठीत हा विचार आला तेव्हा ‘कृपा’ हा शब्द कोरा नव्हता. गुरुकृपा, पतितपावन अशा शब्दांमागे संतांची कित्येक शतकांची वाणी उभी होती. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनाला उपस्थित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना या वारशाची पूर्ण जाणीव होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार काढले होते, आणि ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंग हाच छंद हाती घेतला. (त्याच संमेलनात गाजलेला धरणगावचा ‘बालकवी’ ठोंबरे पुढे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला, आणि हिंदूच राहिला.) तथापि पूल दोन तीरांना जोडतो, ते एक करीत नाही. अभंगातील पतित आर्ततेने हाक घालतो व देव धावतो. पौलाच्या मते ती हाकच कृपेचे फळ आहे.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. गीतेच्या नवव्या अध्यायात, अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, कारण त्याचा निश्चय योग्य आहे, असे म्हटले आहे. येथे दार उघडे आहे, परंतु वळणे पाप्याकडे आहे. हा भेद हिंदू आणि ख्रिस्ती असा मात्र सरळ कापता येत नाही. मांजरी पिलाला स्वतःच तोंडात धरून नेते, हा तेंकलै श्रीवैष्णवांचा मार्जारन्याय पौलाच्या फार जवळ जातो. उलट पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरा मानवी सहकाराला बरीच मोठी जागा देते.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात हा प्रश्न सिद्धांतापेक्षा अधिक तीव्रतेने उभा राहतो. बाप हयात असता वाटणी मागणे म्हणजे काय, हे खानदेशातील शेतकरी कुटुंबाला समजावून द्यावे लागत नाही. सर्व उधळून परत निघालेला मुलगा आपली कबुली मनाशी घोकून ठेवतो; आपल्याला चाकर म्हणून ठेवावे, आपल्याकडच्या भाषेत सालदार म्हणून ठेवावे, एवढीच त्याची मागणी आहे. परंतु तो तोंड उघडण्यापूर्वीच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, आणि चाकरीचे वाक्य त्याला उच्चारूच देत नाही. चाकरीला मोबदला असतो, आणि मोबदल्याची भाषा सुरू झाली की कृपा उरत नाही.

दृष्टांताचा कठीण भाग मात्र पुढे आहे, आणि प्रवचनकार तो बहुधा घाईने उरकतात. शेतातून परतलेला थोरला मुलगा वाद्यांचा आवाज ऐकून बाहेरच थांबतो. इतकी वर्षे आपण राबलो, त्याचे काय, हा त्याचा प्रश्न न्यायाचा आहे आणि तो खोटा नाही. बाप त्याला खोडून काढीत नाही. माझे आहे ते सर्व तुझेच आहे, असे सांगून बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. थोरला आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.