चौकातलं शिल्प आणि आपला प्रश्न



कधी प्रदर्शनात पापड-मसाले विकायला, कधी दवाखान्याच्या कामाला आपण शहरात जातो. तिथे एखाद्या चौकात मधोमध लोखंडाचं काहीतरी उभं दिसतं. माणूस म्हणावं तर हातपाय नाहीत, पक्षी म्हणावा तर चोच नाही. "हे काय गं?" एक जण विचारते. "असेल काहीतरी शिकलेल्या लोकांचं. आपल्याला त्यातलं काय कळतंय?" दुसरी म्हणते, आणि आपण पुढे जातो. हे दुसरं वाक्य मला खटकतं. गटाचा हिशेब वाचला जातो तेव्हा आणि ग्रामसभेतही आपण हेच म्हणून गप्प बसतो. म्हणून आज या शिल्पांबद्दल बोलू या.

पुतळा आपल्या ओळखीचा असतो. सावित्रीबाईंचा पुतळा बघितला की त्या कोण हे सांगावं लागत नाही. खाली नाव असतं, जयंतीला हार घातला जातो. पुतळ्याचं काम आठवण जागी ठेवण्याचं. आधुनिक शिल्प मात्र बहुतेक वेळा कुणासारखं दिसावं म्हणून घडवलेलंच नसतं. आकार, वजन, मधली पोकळी, त्यावर पडणारं ऊन आणि सावली, एवढंच घेऊन शिल्पकार काम करतो. त्यामुळे "हे कोण?" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही.

पण अशा गोष्टी आपल्याला अगदीच नव्या नाहीत. गोधडी शिवताना जुन्या लुगड्यांचे चौकोन-त्रिकोण आपण जुळवतो. या त्रिकोणाचा अर्थ काय, असं कुणी विचारत नाही. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी शोभतो, ते डोळ्याला कळतं. वेशीवरच्या शेंदूर लावलेल्या तांदळ्यालाही नाक-डोळे कोरलेले नसतात. देवाची गोष्ट वेगळी, तिथे श्रद्धा असते. पण चेहरा नसलेल्या आकारासमोर थांबायची आपल्याला सवय आहे, एवढं खरं.

आणि गोंधळतो तो फक्त खेड्यातला माणूस, असंही नाही. अमेरिकेत शिकागो नावाचं मोठं शहर आहे. तिथे १५ ऑगस्ट १९६७ रोजी एका सरकारी इमारतीपुढच्या मोकळ्या चौकात एका शिल्पावरचं कापड काढलं. शिल्प होतं पाब्लो पिकासो या जगप्रसिद्ध चित्रकाराच्या कल्पनेतलं. उंची ५० फूट, म्हणजे साधारण चारपाच मजली इमारतीएवढी. वजन सुमारे दीडशे टन. जमलेले लोक बघतच राहिले. कुणी म्हणालं बाई आहे, कुणाला कुत्रा दिसला, कुणाला माकड, कुणाला पंख पसरलेला पक्षी. पिकासोने शिल्पाला नावही दिलं नव्हतं आणि अर्थही सांगितला नव्हता. हे काढून इथे आपल्या लाडक्या बेसबॉल खेळाडूचा पुतळा बसवा, अशी मागणी एका नगरसेवकाने केली होती.

ते शिल्प अजून तिथेच आहे. त्याचं पोलाद खास प्रकारचं आहे. आपल्या तव्यावर गंज चढला की आपण तो घासून काढतो. या पोलादावर मात्र गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच आतला धातू राखतो. मागची इमारतही त्याच धातूची असल्यामुळे दोन्ही एकमेकांना शोभतात. पिकासोने एक लाख डॉलरचं मानधन नाकारून ही कल्पना शहराला भेट दिली. घडवायचा खर्च साडेतीन लाख डॉलरच्या आसपास आला, तो धर्मादाय संस्थांनी दिला. शिल्पाच्या उतरत्या बैठकीवर मुलं घसरगुंडी खेळतात, आजूबाजूला बाजार भरतो, सभा होतात. अर्थ आजही प्रत्येकाचा वेगळा, पण शिल्प मात्र सगळ्या गावाचं झालं.

त्याच शिकागोत २००६ मध्ये आणखी एक शिल्प पूर्ण झालं. ते घडवणारे अनिश कपूर यांचा जन्म आपल्या मुंबईतला. पाऱ्याच्या थेंबावरून त्यांना ही कल्पना सुचली. पोलादाचे १६८ पत्रे जोडून, सांधे दिसणार नाहीत असे घासून त्यांनी आरशासारखा एक भला मोठा आकार उभा केला. शिल्पकाराने दिलेलं नाव 'मेघद्वार' अशा अर्थाचं आहे. लोकांनी मात्र त्याला 'घेवड्याचा दाणा' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झालं. त्यात आकाश दिसतं, उंच इमारती वाकड्या दिसतात, आपलं तोंडही दिसतं. कमानीखालून आरपार चालत जाता येतं. तिथे लहान मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता तिसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. १९८१ मध्ये तिथल्या सरकारी कचेऱ्यांपुढच्या चौकात रिचर्ड सेरा या शिल्पकाराने पोलादाची एक किंचित कललेली भिंत उभी केली. लांबी १२० फूट, उंची १२ फूट, रंग गंजाचा. माणसाने तिच्या कडेने चालावं, आपली वाट आणि आपलं शरीर कसं बदलतं ते जाणवून घ्यावं, हा शिल्पकाराचा विचार. पण रोज तिथे कामाला येणाऱ्यांसाठी ती वाटेतली आडकाठी होती. सरळ दारात जायचं तर वळसा पडू लागला. डबा खायला, चार माणसं जमायला असलेला चौक मधोमध कापला गेला. सुमारे १,३०० कर्मचाऱ्यांनी ती हटवा म्हणून सह्या केल्या.

१९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १८० लोक बोलले. त्यातले १२२ शिल्प ठेवा म्हणाले, त्यांत कलाक्षेत्रातले पुष्कळ होते. ५८ जण काढा म्हणाले. ही भिंत याच जागेसाठी घडवली आहे, दुसरीकडे हलवली तर ती संपलीच, असं सेरा यांचं म्हणणं होतं. शेवटी काढायचं ठरलं आणि खटले-अपील होऊन मार्च १९८९ मध्ये एका रात्री तिचे तुकडे करून ती नेली.

या भांडणात कोण बरोबर, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला त्यातून एक गोष्ट दिसते. "समजलं नाही" आणि "आम्हाला विचारलं नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीवर वेळ हे औषध आहे. शिकागोत न समजलेलं शिल्प पन्नास वर्षांत आपलं वाटू लागलं. दुसरी तक्रार वेळ गेल्याने मिटेलच असं नाही. ज्यांच्या पायाखालची वाट बदलते, त्यांना आधी विचारावं लागतं.

म्हणून चौकात असं काही दिसलं तर थोडं थांबा. त्याच्याभोवती एक फेरी मारा. कशाचं केलंय, कुठून पोकळ आहे, सकाळी आणि संध्याकाळी सावली कशी पडते, ते बघा. नाही आवडलं तर नाही आवडलं. शिकलेल्यांनाही सगळं आवडतं असं नाही.

आणि आपल्या गावात काही उभं राहणार असेल, मग ती स्वागताची कमान असो, चौकातलं सुशोभीकरण असो की कारंजं, तेव्हा आधीच विचारा. पैसा कुठला? जागा कुणी ठरवली? पाण्याची वाट, बाजाराची जागा, पोरींची शाळेची वाट अडणार नाही ना? झीज-मोड कोण बघणार? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. हे प्रश्न तिथे मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. त्यासाठी कला शिकलेली असावी लागत नाही. त्या वाटेने रोज आपणच चालतो, तेवढं पुरे आहे.

पुढच्या मासिक बैठकीत हिशेब झाल्यावर पाच मिनिटं काढा. गावातली कुठली मोकळी जागा बायका खरोखर वापरतात, आणि तिथे काय असावं, काय नसावं, यावर प्रत्येकीला बोलू द्या. "मला काय कळतंय" म्हणणारीला सगळ्यात आधी.