मधुमेह्याचे ताट

इंदूरच्या पश्चिम अंगाला, अन्नपूर्णा मंदिराच्या आसपास विस्तारलेल्या सुदामा नगरात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. होळकरांच्या अमदानीपासून नोकरीचाकरीच्या निमित्ताने माळव्यात येऊन स्थिरावलेल्या या समाजाने मायदेशाची आमटी-कोशिंबीर जशी जतन केली, तशीच माळव्याची खाद्यरसिकताही निःसंकोच आत्मसात केली. म्हणून येथील मराठी माणसाचा दिवस वाफेवर ठेवलेल्या, वरून जिरावण मसाला, शेव आणि चिरलेला कांदा घातलेल्या पोह्यांनी उजाडतो. त्यांच्या जोडीला गरम जिलबी असते. आणि रात्री पाहुणा आला, की त्याला सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात नेऊन भुट्ट्याचा कीस व रबडी खाऊ घातल्यावाचून यजमानाला आतिथ्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. अशा घरात एखाद्याच्या रक्ततपासणीच्या कागदावर मधुमेहाचे निदान उमटते, तेव्हा औषधाची तजवीज तत्काळ होते. खरा पेच पडतो तो स्वयंपाकघरात.

हा पेच आता अपवादात्मक राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह्यांची संख्या 10 कोटींवर, आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या 13 कोटींवर असल्याचा अंदाज निघाला. यात सडपातळ माणसेही आहेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले होते. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, म्हणजे शरीरभारांक 22.3, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे 9.1 टक्के, तर याज्ञिक यांचे 21.2 टक्के. आपल्या देहाची ही ठेवण लक्षात घेतली, म्हणजे ‘मी काही लठ्ठ नाही, मला कशाला पथ्य?’ हा युक्तिवाद किती लटका आहे, हे ध्यानी येते.

आता पथ्य म्हटले, की आपल्या घरांतून प्रथम साखरेच्या डब्यावर जप्ती येते. चहा बिनसाखरेचा होतो, जिलबी बंद होते, आणि सर्वांना कर्तव्यपूर्तीचे समाधान लाभते. वस्तुतः रक्तातील शर्करा केवळ गोडाने वाढत नाही. भात, पोळी, पोहे, साबुदाणा, बटाटा यांतील पिष्टाचेही पचनांती ग्लुकोजच होते. कोरडे पोहे 50 ग्रॅम घेतले, तर त्यांत 38 ग्रॅमच्या आसपास पिष्टमय अंश असतो. भिजून फुगल्यावर हे पोहे बशीत हलके दिसतात, म्हणून माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो, आणि वर शेवेची मूठ पडते ती निराळीच. मात्र यावरून मधुमेह्याला पोहे सर्वथा वर्ज्य करावेत, असे मला मुळीच वाटत नाही. निम्मे पोहे आणि निम्मी मोड आलेल्या मटकीची उसळ, वर कांदा-कोथिंबीर, लिंबू, आणि शेव असलीच तर चिमूटभर, अशी बशी मांडली, तर पिष्ट घटते, प्रथिने व तंतू वाढतात, आणि शर्करेचा चढ सौम्य होतो. इंदूरकरांना उसळ-पोहे परके नाहीत. प्रमाण तेवढे उलटवायचे आहे, आणि उसळीवरचा तेलाचा तवंग कमी करायचा आहे.

जेवणाच्या ताटालाही हाच न्याय लागू आहे. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी आणि काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीने भरावे. पाव भागात डाळ, उसळ, दही, किंवा सामिष घरांत मासे-अंडी. आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी अथवा भात यांपैकी काय ते. खाण्याचा क्रमही उपेक्षणीय नाही. आधी भाजी-कोशिंबीर व डाळ आणि शेवटी पोळी किंवा भात, असे जेवल्यास तेच अन्न खाऊनही जेवणोत्तर शर्करा कमी चढते, असे प्रयोगांत आढळले आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. स्नायू त्या शर्करेचा काही भाग तेव्हाच वापरून टाकतात.

काही गैरसमज मात्र चिवट आहेत. गूळ हा साखरेहून पवित्र असेल, पण रक्ताच्या हिशेबी तो बहुतांशी साखरच आहे. ‘शुगर-फ्री’ असा छाप असलेल्या बिस्किटात मैदा असतोच. फळ खावे, रस टाळावा, कारण रसात फळातील तंतू जवळजवळ उरत नाहीत. ज्वारीची भाकरी उत्तमच. तथापि तीन भाकऱ्यांचे पिष्ट तीन भाकऱ्यांइतकेच असते. आणि कारल्याच्या रसावर भिस्त ठेवून गोळ्या बंद करणे म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे होय.

ज्या गोष्टीने माझे मन अधिक व्यथित होते, ती निराळी आहे. रविवारी घरात दाल-बाफले होतात, आधी उकडून मग भाजलेले कणकेचे बाफले तुपात बुडवून पानात पडतात, आणि त्याच पंक्तीला बसलेल्या मधुमेही आजोबांपुढे बेचव दुधीची वाटी सरकवली जाते. ते काही बोलत नाहीत. पण दुपारी घर झोपले, की फडताळातला लाडू नाहीसा होतो. या चोरीचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्या घरात मुलगा आणि नातूही मधुमेहाच्या प्रवृत्तीचा वारसा बाळगून आहेत, त्या घराने सर्वांसाठीच एक ताट ठरवावे: एक बाफला, तूप चमचाभर, डाळ दोन वाट्या, कोशिंबीर भरपूर. आजोबांच्या ताटात तो एक बाफला सन्मानाने यावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळीचे प्रमाण तेवढे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

उपवासाच्या दिवशी विशेष सावधगिरी हवी. साबुदाण्याची खिचडी ही जवळजवळ निव्वळ पिष्टाची रास, वरीतही पिष्टच अधिक. आणि याच्या उलट, इन्शुलिन किंवा शर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन निर्जळी एकादशी करणे हे तर प्रत्यक्ष धोक्याचे आहे. हातपाय कापू लागले, दरदरून घाम सुटला, बोलणे असंबद्ध झाले, तर रक्तशर्करा 70 मिग्रॅ/डेसिलिच्या खाली गेली असण्याचा संभव धरावा आणि, उपवास असो वा नसो, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ पाजावी; पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, शर्करा वर आली नसल्यास पुन्हा साखर द्यावी, आणि बरे वाटताच काही खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. यासाठी मधुमेह्याच्या घरातही साखरेचा डबा हाताशी असलाच पाहिजे, आणि तो कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालासुद्धा ठाऊक असावे.